आधी पाणी, मग गिऱ्हाईक, मग मासे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ आलेला असतो, "घरच्या घरी रंगीत मासे पाळा आणि महिन्याला हजारो रुपये कमवा." बघणारीला वाटतं, यात काय अवघड आहे? ना शेण काढायचं, ना चारा आणायचा, ना उंबरा ओलांडायचा. एक काचेची पेटी, चार मासे, की झाला धंदा सुरू.

हा धंदा खरा आहे. घरात रंगीत माशांची पैदास होते, बायका ती करतात आणि त्यातून पैसेही मिळतात. पण व्हिडिओत सांगतात तो क्रम उलटा असतो. त्यात आधी मासे आणायला सांगतात, मग टाकी, आणि गिऱ्हाईक शेवटी. आमचं म्हणणं असं की आधी आपलं पाणी ओळखावं, मग गिऱ्हाईक शोधावं आणि मासे सगळ्यांत शेवटी आणावेत. आज याच क्रमाने बोलू.

आपलं पाणी कसलं आहे?

आपल्या भागातलं बोअरचं पाणी कसं असतं ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. यालाच आपण जड पाणी म्हणतो, त्यात क्षार जास्त असतात. पिण्याला आणि धुण्याला ते त्रासाचं असलं तरी काही माशांना तेच मानवतं. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या चार माशांना जड पाणी चालतं, मोलीला तर ते आवडतंच. टेट्रा, डिस्कस अशा माशांना मात्र मऊ पाणी लागतं. दुकानात ते कितीही सुंदर दिसले आणि त्यांचा भाव कितीही चढा असला, तरी आपल्या पाण्यात त्यांची पैदास नव्या माणसाच्या हाती लागत नाही.

म्हणून सुरुवात या चौघांपासून करावी. यांचं आणखी एक सोपं आहे. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. पिल्लू जन्मतं तेच पोहत आणि खात. अंड्यांवर बुरशी धरणं, अंडी उबवणं, सुईच्या टोकाएवढ्या जिवाला पहिले काही दिवस डोळ्यांना न दिसणारं खाणं पुरवणं हे सगळं वाचतं. गोल्डफिश, एंजल, फायटर हे अंडी घालणारे मासे. ते दुसऱ्या वर्षी बघू.

गप्पी तर आपल्या ओळखीचाच आहे. हिवताप आणि डेंग्यू रोखायला आरोग्य खातं हौदात, टाक्यांत जे गप्पी मासे सोडतं, तोच हा मासा. डासांच्या अळ्या खाणारा तो साधा, करडा गप्पी आणि दुकानातला मोरपंखी शेपटीचा गप्पी हे एकाच जातीचे. माणसांनी पिढ्यान् पिढ्या रंगाचे नर निवडून निवडून ती शेपटी तयार केली आहे. त्यामुळेच आरोग्य खात्याचे फुकटचे गप्पी आणून रंगीत गप्पींच्या टबात टाकू नयेत. एकदा मिसळले की पुढच्या पिढ्यांत रंग फिका पडतो आणि भाव उतरतो.

आता नळाच्या पाण्याचं. सोलापुरात नळ रोज येत नाही, काही दिवसांनी येतो. आला की घरातलं प्रत्येक भांडं आपण भरून ठेवतो. या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. माणसाला तेवढं चालतं, माशाचे कल्ले मात्र त्याने जळतात. पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घालावं.

पाणी साठवताना एक जबाबदारी आपल्यावर येते. ज्या भांड्यात मासे नाहीत अशा उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यू आपल्याच गल्लीत पसरतो. म्हणून साठवणीच्या प्रत्येक टबावर बारीक जाळी किंवा जुन्या साडीचं कापड ताणून बांधावं. हवा आत-बाहेर होते आणि डास आत जात नाही.

टब, जागा आणि वजन

पैदाशीला काचेची पेटी लागत नाही, काच ही दाखवण्यासाठी असते. प्लास्टिकचे मोठे टब, अर्धे कापलेले स्वच्छ ड्रम किंवा सिमेंटचा हौद चालतो. ज्या ड्रममध्ये आधी रसायन, रंग किंवा औषध होतं तो मात्र कितीही धुतला तरी घेऊ नका. नव्या सिमेंटच्या हौदातून चुना सुटतो. तो दोन-तीन आठवडे पाणी भरून, उपसून, पुन्हा भरून मुरवावा लागतो.

जागा ठरवताना आधी वजन बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे १०० लिटरचा टब हा एक क्विंटलचा. असे सात टब मांडले तर सात क्विंटल झाले. पेठेतली आपली घरं जुनी आहेत. काही माळवदाची, काहींचा वरचा मजला लाकडी तुळयांवर. माळवदावर किंवा माडीवर टबांची रांग लावू नका. टब खाली, जमिनीवर, भिंतीकडेला ठेवा.

सोलापूरचा उन्हाळा तर आपण भोगतोच. पारा चाळिशी ओलांडतो. गप्पीला २४ ते २८ अंशांपर्यंतचं पाणी मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. पत्र्याखाली टब ठेवू नये. शेडनेट बांधावी, टबाभोवती ओलं पोतं गुंडाळावं, दुपारी बर्फ केलेली बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवावी. बर्फ थेट टाकू नये, पाणी एकदम गार झालं तरी मासा आजारी पडतो.

हवा सोडणारा लहान पंप लागतो. तो वीज फार खात नाही. ५ वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला ३.६ युनिट होतात. वीज गेली तर घाबरू नका. टबात मासे दाटीने भरलेले नसतील तर काही तास निभावतात. अधूनमधून तांब्याने पाणी उचलून वरून ओतलं तरी हवा मिसळते.

विषाची गोष्टही घरातलीच आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी विड्या वळतात. तंबाखूतलं निकोटीन माशांना विष आहे. विड्यांचं सूप आणि माशांचा टब एका खोलीत नको, आणि हात साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून घेतल्याशिवाय टबात घालायचा नाही. डास मारायचा फवाराही तसाच. तो माणसापेक्षा माशाला कितीतरी जास्त लागतो. गल्लीत धुराची फवारणी आली की टब झाका आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा, नाहीतर तो धूर ओढून पाण्यात सोडतो.

नवा टब लगेच भरायचा नाही

बरेच जण इथे हार खातात. टब आणला, पाणी भरलं, त्याच दिवशी पन्नास मासे सोडले आणि आठ-दहा दिवसांत एकेक तरंगायला लागला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. जुन्या टबात तो पचवणारे चांगले जिवाणू स्पंजावर आणि भिंतीवर वस्तीला असतात. नव्या टबात ते नसतात, त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे दही लावायला विरजण लागतं, तसंच हे. जुन्या, निरोगी टबातला वापरलेला स्पंज नव्या टबात ठेवला तर काम लवकर होतं. पहिल्या महिन्यात मासे मोजकेच सोडावेत.

नंतर दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. तळाशी बसलेला गाळ नळीने ओढून काढायचा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी हळू घालायचं. सगळं पाणी एकदम बदलू नये. स्पंजसुद्धा टबातल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर विरजणच वाहून जातं. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या भाजीला घाला. ते खतासारखं काम करतं.

पैदास कशी होते?

एका नराला दोन-तीन माद्या असं प्रमाण ठेवावं. नर लहान, रंगीत, मोठ्या शेपटीचा. मादी मोठी, पोटाने भरलेली, रंगाने साधी. साधारण तीन ते चार आठवड्यांनी मादी पिल्लं देते. एका वेळी वीस ते पन्नास, मादी मोठी असेल तर जास्तही. एकदा नराशी संबंध आला की मादी त्यावर पुढचे काही महिने पुन्हा पुन्हा पिल्लं देऊ शकते. म्हणून दुकानातून आणलेल्या मादीची पहिली पिल्लं आपल्या नराची असतीलच असं नाही. शुद्ध रंग हवा असेल तर पिल्लं लहान असतानाच नर-माद्या वेगळ्या करून त्यांतून जोड्या लावाव्या लागतात.

आता मनाला न पटणारी पण खरी गोष्ट. आई पिल्लं खाते. बापही खातो. म्हणून टबात लपायला जागा हवी. हायड्रिलासारखी पाणवनस्पती दाट घाला, नाहीतर नायलॉनची दोरी उसवून तिचे झुपके सोडा. पिल्लं त्यात शिरून बसतात. रोज सकाळी चहाच्या गाळणीने ती उचलून वेगळ्या टबात ठेवायची.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं. बारीक कुटलेलं माशांचं खाद्य, आर्टेमियाची पिल्लं, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटीभर, फडक्यातून गाळून. बलक जास्त झाला तर पाणी नासतं. पाच मिनिटांत संपेल एवढंच घालायचं. माशांना उपाशी ठेवून मारणाऱ्यांपेक्षा मायेने खाऊ घालून मारणाऱ्याच जास्त असतात.

चार ते सहा आठवड्यांत नर-मादी ओळखू येतात. तेव्हा त्यांना वेगळं करायचं. साधारण तीन-चार महिन्यांत मासा विकण्याजोगा होतो. म्हणजे आज सुरुवात केली तर पहिला रुपया चार-पाच महिन्यांनी दिसतो. हप्ता भरायचा म्हणून कुणी हे काम धरत असेल तर तिला हे आधीच माहीत असायला हवं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो रोग झपाट्याने पसरतो. तो मासा लगेच वेगळा करा. साधं खडे मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला एक ग्रॅम म्हणजे १०० लिटरला १०० ग्रॅम, पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. आपल्या चारही माशांना एवढं मीठ सोसतं. नवीन आणलेला मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यातच ठेवायचा, ही सवय औषधापेक्षा मोठी.

गिऱ्हाईक आधी

मासे आणायच्या आधी गटातल्या दोघींनी आपल्या जवळच्या शहरातल्या माशांच्या दुकानांत जाऊन यावं आणि विचारावं: कोणता मासा जास्त खपतो? आठवड्याला किती लागतात? केवढ्या आकाराचे? आता कुठून आणता? वाटेत किती मरतात? पैसे रोख की उधारीवर? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत.

रंगीत माशांचा मोठा व्यापार चेन्नईजवळचं कोळत्तूर, कोलकाता-हावडा आणि मुंबई इथून चालतो. तिथला माल स्वस्त असतो, कारण तो प्रचंड प्रमाणात होतो. भावात आपण त्यांच्याशी लढू शकत नाही. आपली जमेची बाजू वेगळी आहे. आपला मासा याच पाण्यात जन्मतो. दूरचा प्रवास नाही, पाण्याचा बदल नाही, म्हणून तो दुकानात टिकतो. दुकानदाराशी बोलताना हाच मुद्दा ठेवा.

आता हिशेब करू. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. समजा २० माद्या आहेत आणि महिन्याला एकूण ३०० पिल्लं हाती येतात. मरणारी आणि वाकडी-फिकी वजा करून १५० विकण्याजोगी उरतात. दुकानदार ८ रुपये देतो, म्हणजे १,२०० रुपये. खाद्य, वीज, औषध, पिशव्या आणि जाण्यायेण्याचे ४५० रुपये वजा केले की ७५० उरतात. रोज एक तास काम धरलं तर तासाला २५ रुपये पडले. दुकानदाराने भाव ५ वर आणला तर महिन्याचे ३०० रुपयेच उरतात, म्हणजे तासाला १० रुपये. आणि त्याच १५० माशांतल्या चांगल्या रंगाच्या १५ जोड्या आपण थेट गिऱ्हाइकाला ४० रुपयांनी विकल्या, बाकीचे १२० दुकानाला ८ रुपयांनी दिले, तर १,५६० येतात आणि खर्च जाऊन १,११० उरतात. मासे तेवढेच, काम जवळपास तेवढंच. कमाई ठरते ती कुणाला विकतो त्यावर आणि रंगावर, नुसत्या पिल्लांच्या संख्येवर नाही.

यात कुणाचं घर चालणार नाही. हातातलं शिवणकाम किंवा विड्यांचं काम सोडून या मागे लागू नका. मुलांची वह्या-पुस्तकं, गटाची बचत, स्वतःच्या हातात राहणारे चार पैसे एवढी अपेक्षा ठेवून सुरुवात करा. वाढवायचं की नाही ते सहा महिन्यांची वही सांगेल.

एकटीने की गटाने?

गटाने केलं तर हे काम सोपं होतं. आपल्याच राज्यात कोकणात याचा नमुना आहे. कांदळवन प्रतिष्ठानाने नवी मुंबईत ऐरोलीला समुद्री शोभिवंत माशांचं पैदास केंद्र उभं केलं. तिथे क्लाउनफिशची पिल्लं तयार होतात आणि किनाऱ्यावरच्या गावांतले गट ती वाढवतात. ते खाऱ्या पाण्याचे मासे, आपल्या कामाचे नाहीत. पण रीत घेण्यासारखी आहे, ती म्हणजे पैदास एका जागी आणि वाढवणं घरोघरी. गटातल्या जिच्याकडे जागा आणि हात आहे तिने माद्या सांभाळाव्यात, चौघींनी एकेक-दोन टबांत पिल्लं वाढवावीत, एकीने विक्री आणि वही बघावी. एका घरी रोग आला तरी सगळं बुडत नाही.

शिकायला जागा आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं काम सिंधुदुर्गात कुडाळजवळ मुळद्याला शोभिवंत माशांवर चालतं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. आधी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरलेला आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यावर ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. उरलेले १ लाख २० हजार आपले. सध्या अर्ज चालू आहेत का आणि अनुदान केव्हा हातात येतं हे कार्यालयात लेखी विचारून घ्या. अनुदानासाठी धंदा सुरू करू नका. दोन टबांत सहा महिने जमलं, तरच अर्ज करा.

आणि एका माणसापासून सावध राहा. तो म्हणतो, "जोड्या माझ्याकडून घ्या, पिल्लं मीच परत विकत घेईन." इमूच्या वेळी असंच झालं, कडकनाथ कोंबड्यांच्या वेळीही असंच झालं. पक्षी लोकांच्या दारात राहिले आणि विकत घेणारा गायब झाला. असा कुणी आला तर त्याला एकच विचारा, "तुम्ही घेतलं नाही तर हा माल आम्ही बाजारात कुणाला विकायचा?" याचं सरळ उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.

नदीत, तळ्यात सोडायचं नाही

शेवटची गोष्ट, आणि ही आपल्या जिल्ह्याची आहे. काच चाटून साफ करतो म्हणून लोक घरातल्या पेटीत सकर मासा ठेवतात. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वाढून फूटभराचा झाला की पेटीत मावत नाही आणि मग कुणीतरी पुण्य समजून त्याला पाण्यात सोडतं. आज हा मासा उजनीत सापडतो. त्याला बाजारात कुणी घेत नाही, त्याच्या काटेरी कातडीने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि इथल्या माशांच्या वाट्याचं खाणं तो खातो. उजनीवर पोट असलेल्या घरांतल्या बायका आपल्यासारख्याच आहेत. आपल्या टबातला नको असलेला एकही मासा, एकही पिल्लू, पाणवनस्पतीची काडीसुद्धा नदीत, तळ्यात, विहिरीत किंवा गटारात जाऊ द्यायची नाही. जास्तीचे मासे दुकानाला द्या, दुसऱ्या गटाला द्या. गिऱ्हाइकालाही मासा देताना हे सांगा.

विक्रीच्या आदल्या दिवशी माशांना खाणं देऊ नका, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, आणि पिशवी सावलीत. गिऱ्हाइकाला सांगा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं त्याच्या टाकीत तरंगत ठेव आणि मग मासा हळू सोड. त्याचा मासा जगला तर तो परत येईल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी तीन कामं करा. घरच्या पाण्याने साबणाला फेस येतो का ते बघा. घरात सावलीची, जमिनीवरची, तंबाखू आणि फवाऱ्यापासून लांबची दोन टबांची जागा शोधा. आणि दोघी मिळून दोन दुकानांत जाऊन वर सांगितलेले प्रश्न विचारून या. तिन्ही उत्तरं वहीत आली की गटात बसून ठरवा. "आपल्या गावात हे जमणार नाही" असं उत्तर निघालं तरी वाईट वाटून घेऊ नका. जाण्यायेण्याच्या भाड्यात ते कळलं, कर्ज काढून कळलं नाही.